टाइमआउट मागितला होता

१५ नोव्हेंबर, शनिवार

लीगचा पहिला दिवस. नाशिक रोडचं सिमेंटचं कोर्ट, सकाळी हात गारठून शिट्टी धरवेना. मुलींची मॅच, सटाणा वि. केदारचा क्लब, कोच तोच. रेफरी मी, टेबलावर स्कोअरर आहेर सर.

शेवटचं दीड मिनिट. केदारच्या पोरींनी बास्केट टाकलं, सटाणा चारने मागे. सटाण्याचा कोच बागूल बेंचपाशी उभा राहून हातांचा टी करत होता. बझर नाही. पोरीने बॉल आत टाकला, खेळ सुरू. बागूल माझ्यावर ओरडला. मी पळता पळता टेबलाकडे बोट दाखवलं. टाइमआउट रेफरीकडे मागायचा नसतो, टेबलाकडे मागायचा. स्कोअररने बघितलं, बझर दिला, तर मी शिट्टी मारणार. बझरच नाही तर मी काय करू.

सटाणा आठने हरलं. बागूल नंतर शांतपणे आला, ते ओरडण्यापेक्षा वाईट. "ताई, मी हात करीसन उभाच व्हतू. त्यास्नी दखंच नही."

सरांना विचारलं. म्हणाले, मागितलाच नाही त्याने, नुसता नाचत होता.

पण मी बघितला होता. टी.

१६ नोव्हेंबर, रविवार

केदार सरांचा भाचा. हे अख्ख्या नाशिकला ठाऊक आहे, मलाही. कालपर्यंत त्याचं काही वाटलं नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी शिट्टी सरांनीच हातात दिली. मी तेव्हा पाटबंधाऱ्यात नवीन क्लार्क, खेळणं सुटलेलं. बाई रेफरी बघून कोच लोक हसायचे, माझ्या निर्णयावर सरांकडे जायचे. सर पेन खाली न ठेवता म्हणायचे, रेफरी तिकडे उभी आहे, तिला विचारा. एवढंच. त्यांच्याबद्दल असलं काही मनात आणताना लाज वाटते.

तरी दुपारी फोनमधले मागच्या सीझनच्या स्कोअरशीटचे फोटो उघडून बसलेच. टेबलावर सर, खेळतोय केदारचा क्लब, अशा पाच मॅचेस. तीनमध्ये समोरच्यांचे टाइमआउट शिल्लक, आणि तिन्ही चुरशीच्या. चुरशीच्या मॅचमध्ये टाइमआउट कोण शिल्लक ठेवतं?

यावरून काही सिद्ध होत नाही. फोटो डिलीट केले नाहीत.

१९ नोव्हेंबर, बुध.

नवऱ्याला सांगितलं. मिलिंद एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून फर्स्ट शिफ्ट करून आलेला, जेवता जेवता ऐकलं. म्हणाला, मामा-भाचा आहेत ना, मग विचार कसला करतेस. मला राग आला. मी तेच म्हणत होते, पण त्याच्या तोंडून ऐकवेना.

राज्याच्या रेफरी पॅनलच्या मुलाखती जानेवारीत. जिल्ह्यातून माझं नाव गेलंय. सरांनीच सुचवलं होतं.

गुडघ्याला बर्फ.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मालेगावची मुलं वि. केदारची मुलं. पुन्हा टेबलावर सर. आज ठरवून गेले होते, बॉलवर एक डोळा आणि टेबलावर एक.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मालेगावचे अन्सारभाई उठले, टी केला. सर सरळ समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. दगड. खेळ थांबलेला, फ्री थ्रोच्या आधीचा, टाइमआउट आरामात देता आला असता. मी मुद्दाम बॉल उशिरा दिला. तरी बझर नाही. मग केदारने मागितला तर हात खाली यायच्या आत बझर.

टेबलाकडे बघण्याच्या नादात बॉल न टपवता पळालेल्याचा एक स्वच्छ ट्रॅव्हल सुटला माझ्या हातून. प्रेक्षकांनी हुर्यो केली. बरोबर केली.

अन्सारभाई भांडले नाहीत. पाणी पिता पिता म्हणाले, "मॅडम, आपके यहाँ हमारा टाइमआउट दिखताही नहीं किसीको." हसत म्हणाले. हसण्यामुळे जास्त लागलं.

निघताना असोसिएशनच्या सेक्रेटरींना गाठलं. उद्या टेबलावर दुसरं कोणी देता येईल का, एवढंच विचारलं. सरांवर शंका आहे का, असं विचारलं त्यांनी. मी नाही म्हणाले. गुडघ्याचं काहीतरी बोलून निघाले. हे बोलायला नको होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज भलतंच.

केदारच्या मुली वि. दिंडोरी. शेवटच्या मिनिटात दिंडोरीने बास्केट टाकून एकाने आघाडी घेतली. केदार उभा, टी, अगदी डोक्याच्या वर. बझर नाही. त्याच्या पोरींनी घाईत बॉल घालवला. मॅच गेली, एकाने.

केदार टेबलावर येऊन आपटला. मामा, झोपला होतास का, असं सगळ्यांदेखत. सर म्हणाले, तू मागितलाच नाहीस. तेच वाक्य, बागूलबद्दल म्हणाले होते तेच.

आधी बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू. मग गोंधळ. भाच्यासाठी करत असतील तर भाच्याचाच का कापतील? मिलिंदचं म्हणणं, संशय येऊ नये म्हणून एक मॅच सोडली असेल. इतकं डोकं सरांचं नाही. केदारचं आहे, पण तो हरल्यावर रडवेला झाला होता, ते नाटक नव्हतं.

स्कोअरशीट पुन्हा काढल्या. सटाणा, नाव पहिलं. मालेगाव, नाव पहिलं. आज केदारचा क्लब, नाव पहिलं. ज्यांचं नाव पहिलं त्यांचा बेंच टेबलाच्या डाव्या हाताला. मागच्या सीझनच्या त्या तिन्हीही तशाच.

टेबल आणि दोन्ही बेंच एकाच रेषेत असतात. डावीकडचा कोच दिसायला मान वळवावी लागते. किंवा डावा डोळा लागतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातून परस्पर सरांकडे गेले, जेल रोडला. निमित्त स्कोअरशीटचं. काकू जाऊन दोन वर्षं झाली, घर नीटनेटकं आहे पण टीव्हीचा आवाज मोठा. चहा त्यांनी केला.

मी मुद्दाम त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत बसले. ते समोर बघून लीगच्या वेळापत्रकाबद्दल बोलत होते. मी हातांचा टी केला. तसाच धरून ठेवला. ते बोलत राहिले. चोरी करतेय असं वाटत होतं, हात खाली घेता येईना.

मग त्यांनी अख्खी मान वळवली आणि हात बघितले.

कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लिहायला एक डोळा पुरतो, सुजाता."

काचबिंदू. डावा जवळजवळ गेला, परत येणार नाही. उजव्यात थेंब घालतात, तो टिकेल म्हणतात डॉक्टर. कधीपासून, विचारलं. दिवाळीपासून, म्हणाले. कोणाला सांगितलं नाही, केदारलाही नाही. टेबलावरून उठवलं तर घरी बसून करायचं काय, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. फायनलपर्यंत, जानेवारीपर्यंत राहू दे, एवढं म्हटलं. मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. दहा दिवस मी त्यांना चोर ठरवत होते.

ते कप विसळायला आत गेले तेव्हा टीव्हीखाली डॉक्टरची फाइल दिसली. उघडली नाही. वर तारीख होती, ती वाचली. जानेवारी. यंदाचा.

मागच्या सीझनच्या त्या तीन मॅचेस फेब्रुवारीतल्या.

२६ नोव्हेंबर, बुध.

दिवाळी का म्हणाले?

माणूस घाबरून बोलतो. मीही सेक्रेटरींना गुडघा सांगितला होताच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सर आता गाडी चालवत नाहीत. सकाळी त्यांना स्कूटीवर मागे बसवून कोर्टवर गेले.

मॅचआधी दोन्ही कोचना सांगितलं, टाइमआउट हवा तर बेंचवरून हात करू नका, टेबलाजवळ येऊन मागा. नियमातही बसतं. पहिल्या हाफमध्ये आले शहाण्यासारखे. शेवटी गडबड सुरू झाली की कोण चालत येतो, सगळे जागेवरूनच हात.

म्हणून दुसरं. डावीकडचा कोच मागताना दिसला की मी खांद्याला हात लावायचा. सरांनी तो बघून मान वळवायची, खात्री करायची, मग बझर. हे सरांशी बोलून ठरवलं. ते म्हणाले, रेफरीचं काम नाही हे. मी म्हणाले, माहीत आहे.

आज दोनदा केलं. दोन्ही टाइमआउट वेळेवर गेले. कोणाचं नुकसान नाही, कोणाचा फायदा नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

तीनदा. जमतंय.

खेळाडूंपेक्षा बेंचकडे जास्त बघतेय मी.

६ डिसेंबर, शनिवार

आज ड्यूटी घेतली नाही. सकाळी विहारात, मग मिलिंद आणि मी पुतळ्यापाशी अभिवादनाला. गर्दीत आई भेटली, पांढऱ्या साडीत अजून लहान दिसते.

मन मात्र कोर्टवर. सर आज दुसऱ्या रेफरीबरोबर, त्याला काही माहीत नाही. दुपारी न राहवून त्याला फोन केला, कशा झाल्या मॅचेस. मस्त, म्हणाला. टाइमआउटवरून काही? नाही, काहीच नाही.

काहीच नाही. चार मॅचेसमध्ये. म्हणजे सर स्वतः मान वळवत होते? मग आधी का नाही वळवली? की आज डावीकडचे कोच सगळे टेबलाशी आले? विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्याला शंका आली असती.

मिलिंद म्हणतो, तू त्यांना वाचवतेस आणि त्यांनाच तपासतेस. दोन्ही एकदम होणार नाही.

७ डिसेंबर, रविवार

सटाणा वि. केदारचा क्लब, परतीची मॅच. नाव पहिलं सटाण्याचं याही वेळी.

चाळीस सेकंद उरले. केदारच्या पोरींनी बास्केट टाकलं, एकाने पुढे. बागूल सांगितलेलं विसरला, जागेवरूनच टी. मी खांद्याला हात लावला. सरांनी मान वळवली, बझर दिला. मी शिट्टी मारली. एक मिनिटात बागूलने पोरींना जमिनीवर बोटाने काय काढून दाखवलं कोण जाणे, त्यांनी तसंच खेळून बास्केट टाकलं आणि जिंकल्या. पोरी रडत होत्या, बागूलही.

हा टाइमआउट त्यांचा हक्काचा होता. पुन्हा लिहिते, हक्काचा होता.

केदार माझ्याकडे आला नाही. त्याच्या बेंचवरचा एक पालक मॅचभर मोबाइल धरून होता, त्याच्याकडे गेला. दोघं स्क्रीनवर वाकून बघत होते. मग केदारने वर बघितलं, थेट माझ्याकडे. पंधरा दिवसांपूर्वी मी सरांकडे जसं बघत होते, तसं.

८ डिसेंबर, सोम.

लीगच्या व्हॉट्सअप ग्रुपवर व्हिडिओ. कालच्या मॅचचे तीन तुकडे जोडलेत. मी बेंचकडे बघते, खांद्याला हात, बझर. मी बघते, हात, बझर. असं लागोपाठ बघितलं की मलाच माझा संशय येतो.

खाली कॉमेंट. ताईंचं सटाण्याशी काय नातं? एकाने माझ्या आडनावावरून काहीतरी लिहिलं आणि डिलीट केलं. डिलीट करायच्या आधी मी वाचलं होतं. ऑफिसात दिवसभर फायलीच्या त्याच पानावर.

बागूलचा फोन. माझ्यामुळे तुमच्यावर आलं म्हणत होता. मग जरा थांबून विचारलं, "पन ताई, तुम्ही खांदाले हात का बरं लावत व्हतात?"

तोही.

गुडघ्यासारखा खांदाही दुखतो म्हणाले.

९ डिसेंबर, मंगळवार

सेक्रेटरींचं पत्र, व्हॉट्सअपवर. केदारची लेखी तक्रार आली आहे, शुक्रवारी पाचला मीटिंग, खुलासा करावा. पॅनलसाठीचं माझं नाव तोवर थांबवलंय. मागून फोनही केला. तुम्हीच सरांना टेबलावरून हलवा म्हणत होता ना मध्ये, ते कशासाठी होतं? आता त्यांना वाटतंय की सर मला अडचणीचे होते.

खरं सांगितलं की सर गेले. नाही सांगितलं की मी.

१० डिसेंबर, बुध.

सरांकडे. व्हिडिओ त्यांना माहीत होता. केदारने दाखवला असेल, मी विचारलं नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाले, मीटिंगमध्ये मीच सांगतो, माझं मी सांगितलेलं बरं, तू काही लिहून देऊ नकोस.

निघताना जानेवारीची तारीख ओठांवर आली होती. गिळली.

मिलिंद म्हणतो आधी लिहून दे. लेखी, सहीनिशी. मी म्हणाले, सर सांगतो म्हणालेत. तो म्हणाला, तुझा विश्वास आहे? मी हो म्हणायला वेळ लावला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मीटिंग. सेक्रेटरी, दोन मेंबर, केदार, सर, मी. लॅपटॉपवर व्हिडिओ, दोनदा. केदार अदबीने बोलला, मॅडमबद्दल आदर आहे वगैरे. आवाज एकदाही चढवला नाही.

मग सेक्रेटरींनी सरांना विचारलं, "मॅडम खांद्याला हात लावून तुम्हाला काही सांगत होत्या का?"

सर समोर बघत होते. मी त्यांच्या उजवीकडे बसले होते, त्यांना दिसत होते.

"मला कल्पना नाही. कोचने मागितला, मी बघितला, बझर दिला."

सगळे माझ्याकडे. मला वाटलं होतं मी ओरडेन. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत लेखी देते, म्हणाले. सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

बाहेर आले तर सर माझ्या गाडीपाशी उभे. केदार त्याची कार घेऊन समोरून गेला, त्याच्याबरोबर गेले नाहीत. मी किल्ली लावली, ते मागे बसले. बिटको चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाले, "तुला अजून वीस वर्षं आहेत, सुजाता."

मला एवढंच हवं होतं, की हे त्यांनी म्हणू नये.

घरापाशी उतरवलं. त्यांनी माझ्या हँडलवर हात ठेवला, जरा वेळ, मग गेले. विचारायचं राहिलं, हे कोणी शिकवलं. केदारने, की तुम्हीच ठरवलं होतं, बुधवारीच, मला लिहू नकोस म्हणालात तेव्हाच.

१३ डिसेंबर, शनिवार

पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचवं ठेवलं. त्यात सगळं आहे. काचबिंदू, खांदा, माझी चूक, माझी संमती. फाइलवरची तारीख आहे. तारीख लिहायची की नाही यावर सकाळ गेली. त्याशिवाय ते फक्त आजारी माणूस राहतात. तारखेसकट, माहीत असून वर्षभर पोरांच्या मॅचेस घालवणारा माणूस.

दोन्ही खरं असू शकतं. पत्रात तसं लिहायला जागा नसते.

मिलिंदने वाचलं. परत दिलं, मग माझ्यासाठी चहा ठेवला.

१४ डिसेंबर, रविवार

मला ड्यूटी नाही, निर्णय होईपर्यंत नाही. तरी गेले. प्रेक्षकांत बसले, डावीकडच्या बेंचच्या मागे, दुसऱ्या पायरीवर. दोन-तीन ओळखीचे उठून पलीकडे जाऊन बसले. योगायोग असेल.

टेबलावर सर. केदारची आज मॅच नव्हती, तरी टेबलामागे हाताची घडी घालून उभा होता.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये डावीकडच्या कोचने टी केला. सरांनी मान पूर्ण वळवली, बझर. चौथ्यात पुन्हा, लगेच, कोचचे हात नीट जुळायच्या आत. मी केदारचे हात बघत होते. हलले नाहीत. पाय बघितले. तो सरांच्या खुर्चीला टेकून उभा होता, आता त्याने खुर्ची ढकलली की सर आपणहून वळले, इतक्या लांबून कळेना. मोबाइल काढला होता शूट करायला. परत आत ठेवला.

त्या दुसऱ्या टाइमआउटला, कोच पोरांना घेऊन बसल्यावरही, सरांची मान डावीकडेच राहिली. बेंचवरून वर, पायऱ्यांवर. बघत होते माझ्याकडे. मला वाटतं बघत होते. एक मिनिट पूर्ण.

मी हात केला नाही. त्यांनीही नाही. मिनिट संपल्यावर त्यांनी बझर दिला आणि पेन उचललं.

पत्र पर्समध्ये आहे. उद्या सहापर्यंत वेळ.